पाठीवरचा विळा

वाचनालयाला भेट आलेली ती काळी फळी गुरुदत्त साहेबांनी टेबलावर पालथी केली, आणि हिरामणच्या हातातला चहा हातातच निवत राहिला.

१९८७ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. अंबरनाथ पूर्वेच्या घरात साहेबांनी पुढची खोली जुन्या मीटरांनी भरून टाकली होती. कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात, म्हणून ते उल्हासनगरच्या भंगारबाजारात फिरून बंद पडलेले मीटर गोळा करायचे. तिथे कॅम्प पाच या वस्तीत एका सिंधी सेठच्या वखारीत हिरामण जुनी यंत्रं सोडवायचं काम करी. तिथेच दोघांची गाठ पडली. हिरामणला तेव्हा पन्नाशी लागली होती आणि एक अक्षर येत नव्हतं. साहेबांनी मीटरच्या तबकडीवर त्याचं बोट ठेवून आधी आकडे शिकवले, मग अक्षरं. आता साठीला तो वर्तमानपत्र वाचायचा. ओठ हलवत, पण वाचायचा.

फळी विमानातली होती. वैमानिकाच्या नाकासमोर काट्यांची आणि तबकड्यांची जी फळी असते, ती. तबकड्या सगळ्या गेलेल्या, दोन ओळींत नुसती नऊ भोकं उरलेली. बदलापूरच्या दौलतरावांच्या दिवाणखान्यात ती चाळीस वर्षं टांगलेली होती. सोनिवलीकडची जमीन इमारतींना देऊन झाल्यावर दौलतरावांना मोठेपणाची हौस सुटली. बदलापूरच्या वाचनालयाच्या नव्या दालनाला आपलं नाव लागावं असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यासाठी त्यांनी फळी भेट दिली आणि फळीबरोबर गोष्टही दिली. लढाईच्या वेळी नेवाळीच्या माळावर विमानं उतरायची, तिथे आपण मुकादम होतो, जाताना गोऱ्या साहेबाने खांद्यावर हात ठेवून ही फळी आपल्याला बक्षीस दिली, आणि हे विमान साधंसुधं नव्हे, स्पिटफायर होतं, इंग्रजांचं सगळ्यात गाजलेलं लढाऊ विमान.

वाचनालयाने रीतसर पावती फाडली. पण पाटीवर विमानाचं नाव रंगवायचं तर खात्री हवी, म्हणून फळी ओळखायला गुरुदत्त साहेबांकडे आली. आणि साहेबांनी हिरामणला बोलावलं. पेच, पत्रा आणि रंग यांतलं हिरामणच्या बोटांना जे कळे ते आपल्या पुस्तकांना कळत नाही, असं ते चारचौघांत सांगत.

फळीच्या पाठीला दौलतरावांनी कधीतरी प्लायवूड ठोकून घेतलं होतं. ते हिरामणनेच डिसमिसने उचकटून काढलं होतं. आता साहेब भिंग घेऊन वाकले. पाठीवर प्रत्येक भोकाच्या काठाशी बारीक चिरा ओढलेल्या होत्या. पहिल्याशी एक, दुसऱ्याशी दोन, अशा नवव्यापर्यंत. आणि दर खेपेला चिरांच्या शेजारी एक वाकडी रेघ, तिला खाली आखूड दांडा. फळीच्या कोपऱ्यात पंचने ठोकलेली तीन टिंबं होती, त्यांतलं एक अर्धं फुटकं.

"कारखान्यातल्या तपासनिसाच्या खुणा असाव्यात," साहेब म्हणाले. "पण अशा मी कुठल्याच पुस्तकात पाहिल्या नाहीत."

पुस्तकात कुठून असणार? ती वाकडी रेघ म्हणजे विळा होता. हिरामणच्या थोरल्या भावाचा, रघूचा विळा.

१९४६ साली लढाई आटोपल्यावर नेवाळीच्या माळावर उरलेली विमानं मोडायला काढली होती. ठेकेदाराने पालेगावची आणि आसपासची माणसं कामाला लावली. तबकड्या सोडवायच्या, पण कुठली तबकडी कुठल्या भोकातली हे नंतर कळलं पाहिजे, असा हुकूम होता. चिठ्ठ्या बांधायच्या तर लिहायला येतंय कोणाला? मग माणसांनी खळ्यावरची रीत तिथे नेली. भात मोजताना दर पायलीमागे कुडावर चीर ओढतात, तशा भोकाशी चिरा ओढायच्या आणि तेवढ्याच तबकडीच्या पाठीवर. शेजारी ज्याने त्याने आपली खूण काढायची. कोणाचा मासा, कोणाची शिडी, रघूचा विळा. सोडवलेला माल मुकादमाकडे नेऊन दिला की मुकादम त्यावर आपला पंच ठोकी. तीन टिंबं पडली की कामगार मोकळा, पुढची जबाबदारी मुकादमाची. तो मुकादम म्हणजे दौलत.

एके दिवशी रघूने एक अख्खी फळी सोडवून दिली. तिच्यात एक घड्याळ होतं, आठ दिवसांनी चावी द्यावी लागणारं, अंधारात आकडे चमकणारं. दुसऱ्या दिवशी दौलतने सांगितलं की माझ्या हातात ना फळी आली, ना घड्याळ. ठेकेदाराच्या माणसांनी रघूला माळावर सगळ्यांच्या देखत पट्ट्याने मारलं. चौकीवर चार दिवस बसवून ठेवलं आणि काही सापडलं नाही म्हणून सोडलं. रघू सुटला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. घड्याळचोर.

लावणीच्या दिवसांत त्या भागात सावड चाले. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. त्या वर्षी रघूच्या शेतात कोणी पाय ठेवला नाही. तो, त्याची बायको विठा आणि एकोणीस वर्षांचा हिरामण, तिघं चिखलात वाकून राहिले. लावणी संपायच्या आत उरलेली रोपं पिवळी पडली. पुढल्या वर्षी तेच. रघू कोणाशी भांडला नाही. कधी जेवता जेवता मध्येच थांबून म्हणायचा, "टिंबं पडली होती रे. माझ्या डोळ्यांदेखत पडली होती." तिसऱ्या वर्षी तो तापाने गेला. खांदा द्यायला विठाच्या माहेरची माणसं आणावी लागली.

विठा पुढे दिराच्या घरातच राहिली. एकेचाळीस वर्षांत तिने घरात घड्याळ लावू दिलं नाही. हिरामण कारखान्याच्या भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर जेवे.

"हिरामण, चहा निवला," साहेब म्हणाले.

हिरामणने चहा एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला. त्याच क्षणी सगळं सांगून टाकता आलं असतं. पण सांगून काय झालं असतं? दौलतराव म्हणाले असते की फळी मागाहून सापडली, साहेबाने ती मला दिली. एका बाजूला बदलापूरचे दौलतराव, दुसऱ्या बाजूला उल्हासनगरचा भंगारवाला. नाही, सांगायचं नाही. दौलतच्याच तोंडून वदवायचं. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं आणखी आठ दिवस राहील.

त्या आठ दिवसांत साहेबांनी विमान शोधून काढलं. पेच इंग्रजी मापाचे नव्हते, त्यांचे आटे अमेरिकन निघाले, हे हिरामणच्या बोटांनी पहिल्यांदा सांगितलं. रंग सुरकुतलेला काळा होता. साहेबांनी कापूस ओला करून पट्ट्या पुसल्या, तेव्हा चाकांसाठी इंग्रज वापरत नाहीत तो अमेरिकन शब्द दिसला. आणि डाव्या कडेला एक अर्धी झिजलेली पट्टी निघाली, खाली झेपावताना लावायच्या ब्रेकची. स्पिटफायरला तसले ब्रेक नसतात. ते लागतात आभाळातून सरळ खाली झेपावून बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला. साहेबांनी पुस्तकांची पानं उलटून उलटून शेवटी नाव काढलं. वेंजन्स.

"म्हणजे काय साहेब?"

"म्हणजे सूड."

"बरं नाव ठेवलंय," हिरामण म्हणाला आणि पेच डबीत भरायला लागला.

रविवारी सकाळी वाचनालयात मंडळाची बैठक होती. अध्यक्ष होते रामभाऊ, मूळचे पालेगावचे, आता बदलापुरात लेकाकडे राहणारे. तरुणपणी नेवाळीच्या माळावर त्यांनीही आधी दगड वाहिले होते, मग विमानं मोडली होती. दौलतराव पांढरंशुभ्र धोतर नेसून पहिल्या खुर्चीवर बसले होते. दहापंधरा माणसं होती. हिरामणने विठालाही आणून दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं. कशाला, ते तिला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी फळी टेबलावर ठेवली आणि आपण काय काय शोधलं ते नीट समजावून सांगितलं. स्पिटफायर नाही हे ऐकून दौलतरावांचं तोंड जरा उतरलं, पण खरीखुरी लढाईतली फळी आहे म्हटल्यावर परत खुललं. मग साहेब म्हणाले, हिरामणलाही विचारू, त्याचा हात यात बसलेला आहे.

हिरामण उठला. त्याने फळीवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाला, "साहेबांची पुस्तकं मोठी आहेत. पण माझे हात सांगतात, हा उल्हासनगरचा माल आहे."

माणसं हसली. उल्हासनगरात पेनापासून पंख्यापर्यंत कशाचीही नक्कल मिळते, आणि वर अमेरिकेचा छापही मिळतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुदत्त साहेब मात्र हसले नाहीत. ते हिरामणकडे असे बघत राहिले, की जणू त्याने त्यांच्याच घरातली वस्तू उचलली.

दौलतरावांची कानशिलं लाल झाली. "तू कोण रे?"

"भंगारवाला."

"मग भंगारात बस. चाळीस वर्षं ही फळी माझ्या घरात आहे."

"घरात असेल. पण नेवाळीची कशावरून? जुना पत्रा घ्यायचा, भोकं पाडायची, भट्टीत रंग सुरकुतवायचा. आमच्या गल्लीत दोन दिवसांचं काम. ही पाठीवरची तीन टिंबं तर कोणीही ठोकील."

"ती टिंबं माझ्या पंचची आहेत."

"असं तुम्ही म्हणता. खरी फळी असती तर तिचं घड्याळ असतं. ते कुठाय? लोकांनी फसवलं तुम्हाला, दौलतराव. यात लाज कसली? माझ्या सेठलाही फसवतात."

हा शेवटचा घाव वर्मी बसला. हिरामणला घड्याळाची खात्री नव्हती. पण त्याने मनाशी धरलं होतं, की ज्याने फळी चाळीस वर्षं भिंतीवर मिरवली, तो घड्याळ विकून मोकळा होणारा माणूस नव्हे. दौलतराव उठले. घर चौकापलीकडेच होतं. दुसऱ्या कोणाला पाठवायचा भरवसा नसल्यासारखे ते स्वतः काठी टेकत गेले.

तेवढ्यात साहेब हिरामणजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुला ठाऊक आहे ती खरी आहे. खोटं का बोललास?"

"थोडं थांबा साहेब. तुमच्यासमोर पहिल्यांदा बोललो. पुन्हा नाही बोलणार."

दौलतराव लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आले. गाठ सोडली. आत एक बोटभर लांबीचा, झिजलेला पोलादी पंच होता आणि काळ्या तबकडीचं एक घड्याळ. पंच त्यांनी टिंबांवर टेकवला. तीन दात तीन खळग्यांत बसले. फुटका दात फुटक्या टिंबात बसला. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या.

"हा पंच सगळ्या नेवाळीत एकट्या माझ्याकडे होता," दौलतराव म्हणाले. त्यांचा आवाज आता मुकादमाचा झाला होता. "कामगाराने माल आणून माझ्या हातात दिला, की मगच मी ठोकायचो. त्याशिवाय कोणाच्या बापाला ठसा मिळत नव्हता. बोल आता, उल्हासनगरचा माल?"

"म्हणजे ही फळी कामगाराने आणून तुमच्या हातात दिली."

"दिली म्हणून तर ठसा आहे."

"घड्याळासकट?"

"घड्याळासकट. बघ की बसवून."

हिरामणने घड्याळ उचललं आणि पालथं केलं. पाठीवर चार चिरा होत्या आणि चिरांशेजारी विळा. त्याने ते चौथ्या भोकात बसवलं. एकेचाळीस वर्षांनी ते आपल्या जागी असं गेलं, की वरून दाबावंसुद्धा लागलं नाही. मग त्याने फळी उभी धरून तिची पाठ रामभाऊंकडे फिरवली.

"रामभाऊ, ही खूण कोणाची?"

रामभाऊंनी चष्मा वर केला, खाली केला. माळावर त्यांची स्वतःची खूण शिडी होती. बराच वेळ त्यांनी त्या वाकड्या रेघांवरून बोट फिरवलं.

"हा रघूचा विळा," ते म्हणाले.

दाराजवळच्या बाकावर विठा उभी राहिली.

"आणि सेहेचाळीस साली माळावर मुकादमाने काय सांगितलं होतं?"

रामभाऊंनी दौलतरावांकडे पाहिलं नाही. त्यांनी जमिनीकडे पाहून उत्तर दिलं. "हातात फळी आली नाय, घड्याळ आलं नाय, रघूने पळवलं, असं सांगितलं होतं." मग ते म्हणाले, "मी त्याच्या लावणीला गेलो नाय. दोन्ही वर्षं गेलो नाय."

दौलतराव बोलायला लागले. माल नंतर सापडला, साहेब म्हणाला ठेव तुझ्याकडे, तेव्हा गडबड होती, कोणाच्या ध्यानात राहतं. एक वाक्य दुसऱ्याशी जुळेना. सापडला तर रघूचं नाव का धुतलं नाही, असं कोणीतरी मागून विचारलं. आपण काय करून बसलो हे त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांनी पंच उचलून मुठीत झाकला, जणू तो दिसेनासा झाला तर बोललेलंही पुसलं जाईल.

विठा टेबलाशी आली. तिने घड्याळ फळीतून काढून तळहातावर घेतलं, कानाला लावलं. ते बंद होतं. ते तिच्या मुठीत मावत होतं.

"एवढुसंच होतं?" ती म्हणाली.

तिने घड्याळ परत जागेवर ठेवलं आणि पदराने हात पुसले.

दौलतरावांनी फळी परत मागितली. चिटणिसांनी पावती दाखवली. पावतीवर दौलतरावांची सही होती, आणि भेट दिलेली वस्तू परत मिळणार नाही हे सहीच्या वरच छापलेलं होतं. घड्याळाचं काय, असंही त्यांनी पुटपुटून पाहिलं. तेव्हा रामभाऊ म्हणाले, "ते फळीचंच आहे. तुम्हीच बसवून दाखवायला लावलंत."

नव्या दालनाला कोणाचंच नाव लागलं नाही. फळी मात्र लागली, वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर, आणि हिरामणच्या सांगण्यावरून अशी लागली की पाठ लोकांकडे. खाली पितळी पाटी होती. पाटीचा मजकूर साहेबांनी जरा जोरकस लिहिला होता. हिरामणने तो वाचला, ओठ हलवत, आणि म्हणाला की यातला चोर शब्द काढा. चोर लिहिलं की लोक वाचतात आणि पुढे जातात. नाही लिहिलं तर विचारतात, आणि सांगणारे सांगतात. शेवटी पाटीवर एवढंच राहिलं: वेंजन्स विमानाची फळी, नेवाळी, १९४६. सोडवून मुकादमाच्या हाती देणार, रघू, पालेगाव. ठसा मारून ताब्यात घेणार, मुकादम दौलतराव, बदलापूर.

लोकांनी विचारलं. सांगणाऱ्यांनी सांगितलं. रोज सकाळी पहिलं वर्तमानपत्र दौलतरावांच्या हातात पडायचं, तशी पद्धतच होती. ते यायचे बंद झाले. मग देवळात दिसेनात. गावातल्या लग्नांच्या पत्रिका त्यांच्याकडे जात होत्या, पण पुढच्या खुर्चीवर कोणी बोलावून बसवत नव्हतं.

उन्हाळ्यात त्यांची सून मालिनी कॅम्प पाचला वखारीत आली. चांगल्या घरची बाई, लोखंडाच्या ढिगांतून साडी सावरत आली. हिरामणने खोका पुसून तिला बसायला दिलं आणि चहा मागवला. तिने सांगितलं की मामंजींनी अंथरूण धरलंय, भिंतीकडे तोंड करून पडून असतात, जेवत नाहीत. फळी राहू दे, रघूभाऊंचं नाव राहू दे, फक्त खालची शेवटची ओळ काढा, एवढं मागायला ती आली होती. मंडळाने सांगितलं की हिरामण हो म्हणाला तर आमची ना नाही. सांगताना तिचे डोळे भरले. हिरामणला तिच्याबद्दल वाईट वाटलं. तिचा यात काही दोष नव्हता. विठाचाही नव्हता.

"त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"हो."

"स्वतः काही बोलले? माझ्या वहिनीला सांगायला?"

मालिनीने मान खाली घातली. "नाही."

हिरामणने तिचा चहा होईपर्यंत वाट पाहिली.

"सूनबाई, माझा भाऊ त्या नावाखाली जगला, त्या नावाखाली मेला. त्याच्या बायकोने ते नाव एकेचाळीस वर्षं वागवलं. पाटीही एकेचाळीस वर्षं राहू दे. मग या. मी माझ्या हाताने पेच काढून देईन."

तिने मनाशी हिशेब केला असावा. हिरामण एकसष्टीत होता. ती उठली, नमस्कार केला आणि ढिगांतून वाट काढत निघून गेली. दौलतराव आषाढात गेले. हिरामण त्यांच्या मयताला गेला नाही. लावणीचे दिवस होते, आणि त्याने मुद्दाम रामभाऊंच्या शेतात जाऊन दिवसभर लावणी केली.

विठाने मात्र घरात घड्याळ आणू दिलं. उल्हासनगरचंच होतं, पाच मिनिटं पुढे धावायचं. ते कोणी कधी मागे केलं नाही.

आणि दर रविवारी हिरामण वाचनालयात जाई. वर्तमानपत्र वाचायच्या आधी खिशातून डिसमिस काढी आणि पाटीच्या चारही पेचांवर एकेकदा टेकवून बघे, कुठला ढिला तर पडला नाही ना. पडलेला नसायचा. तरी तो जरा आवळायचाच.